ओव्हरीच्या कॅन्सरमधले ग्रोथ फॅक्टर आणि भाजकाची भानगड : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४, सोमवार

ट्यूमरमध्ये मोजायच्या ग्रोथ फॅक्टरच्या, म्हणजे पेशींना वाढायला सांगणाऱ्या प्रोटीनच्या, जीन्सची लिस्ट फायनल झाली एकदाची. व्हीईजीएफ-ए, आयजीएफ-२, पीडीजीएफ-ए आणि बी, टीजीएफ-बीटा-१, एचबी-ईजीएफ, एफजीएफ-१, एचजीएफ, आणि यांना पकडणारे रिसेप्टर म्हणजे ईजीएफआर, हर-टू, मेट आणि पीडीजीएफआर-अल्फा. मला अजून दहाएक घालायचे होते पण आमच्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या, लिस्ट लांबवून काय होणार, आहेत त्यांचे प्राइमर (जीन ओळखून त्याची कॉपी सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) नीट चालले तरी मिळवली.

एफजीएफ-१ ठेवलाय तो २००७ च्या एका पेपरमुळे, त्यात ५क्यू३१ हा क्रोमोसोमचा पट्टा अॅम्प्लिफाय झालेला, म्हणजे कॉप्या वाढलेला, दिसला आणि तिथे बसलेला एफजीएफ-१ जास्त असलेल्या पेशंटचा आउटकम वाईट होता. हर-टू तर जुना भिडू, १९८९ मध्येच स्लेमन आणि मंडळींनी ब्रेस्टबरोबर ओव्हरीच्या ट्यूमरमध्येही तो दाखवला होता.

प्रोजेक्टचा विषय कागदावर एकदम सोपा आहे, हाय-ग्रेड सीरस (ओव्हरीच्या कॅन्सरचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) ट्यूमरमध्ये कुठल्या ग्रोथ फॅक्टरचं एक्स्प्रेशन, म्हणजे त्याच्या जीनवरून बनणारं आरएनए, वाढलेलं असतं. मी तसंच वाचून दाखवलं तर मॅडमनी एकच विचारलं, "वाढलेलं, पण कशाच्या तुलनेत?" मी म्हटलं नॉर्मलच्या. "नॉर्मल काय घेणार आहेस?" यावर अर्धा तास गेला आणि उत्तर काही आलं नाही, शेवटी चहा आला.

१९ जून, बुधवार

लॅबमधली ओली कामं सुरू व्हायला वेळ आहे, आरएनए काढायच्या ट्रायझॉलचं इंडेंट अजून परचेसमध्ये अडकलंय, म्हणून आज पब्लिक डेटा. जेपिया या वेबसाइटवर जाऊन एकेक जीन टाकत बसलो. तिथे ओव्हरीच्या कॅन्सरचे ४२६ ट्यूमर आणि नॉर्मल ८८, आणि बॉक्सप्लॉट असा झकास येतो की कॉपी करून थेट प्रेझेंटेशनमध्ये टाकावासा वाटतो. पीडीजीएफआर-अल्फा टाकला, ट्यूमरमध्ये धाडकन खाली.

म्हणजे कॅन्सरमध्ये हा रिसेप्टर बंद होतो असं म्हणायचं का? तर नाही. ते ८८ नॉर्मल आलेत जीटेक्स या नॉर्मल टिश्यूच्या डेटाबेसमधून, म्हणजे अख्ख्या ओव्हरीचा तुकडा. आणि अख्खी ओव्हरी म्हणजे मुख्यतः स्ट्रोमा, फायब्रोब्लास्टसारख्या पेशींचं गच्च भरलेलं मास, वरून एपिथेलियमचा एक पेशी जाडीचा पापुद्रा. आपला ट्यूमर एपिथेलियल. फायब्रोब्लास्टमध्ये भरपूर असणारा जीन फायब्रोब्लास्टने भरलेल्या टिश्यूत जास्त दिसला यात शोध कसला? तो प्लॉट कॅन्सरबद्दल काही सांगतच नाहीये, ओव्हरी कशाची बनलीय तेवढं सांगतोय.

बरं, पापुद्रा सोलून घेतला तरी प्रश्न सुटत नाही. हाय-ग्रेड सीरसची सुरुवात बऱ्याच केसेसमध्ये ओव्हरीत नाहीच, फॅलोपियन ट्यूबच्या टोकाला, झालरीसारख्या फिंब्रियात होते. बीआरसीए म्युटेशनवाल्या (या कॅन्सरचा धोका आनुवंशिक असलेल्या) बायकांच्या खबरदारी म्हणून काढलेल्या ट्यूब पॅथॉलॉजिस्टनी बारकाईने कापून बघायला सुरुवात केली तेव्हा तिथे ते छोटे स्टिक लीजन (कॅन्सरची अगदी सुरुवातीची अवस्था) सापडायला लागले. म्हणजे तुलना ट्यूबच्या एपिथेलियमशी हवी. २०११ च्या टीसीजीए (अमेरिकेतला कॅन्सर जीनोमचा मोठा प्रकल्प) पेपरमध्ये ४८९ ट्यूमर होते आणि नॉर्मल म्हणून फॅलोपियन ट्यूब, त्या किती, तर ८. आठच.

सीनियरला म्हटलं तर तो हसला, म्हणे तुला आत्ता कळतंय, लोकांचे थिसिस होऊन गेले त्या प्लॉटवर.

२७ जून, गुरुवार

एथिक्सचं अप्रूव्हल आलं, आज पहिल्यांदा वॉर्डमध्ये रेसिडेंट डॉक्टरांबरोबर कन्सेंट घ्यायला गेलो. फॉर्म मराठी, हिंदी दोन्हीत आहे. मावशी साठीच्या आसपास, पोट टम्म फुगलेलं, वर्षभर गॅस आणि अॅसिडिटीच्या गोळ्या खात होत्या, सगळ्यांचं हेच असतं, त्यामुळेच बहुतेक जणी तिसऱ्या नाहीतर चौथ्या स्टेजला पोचल्यावर हातात येतात. मुलगा शेजारी उभा. डॉक्टरांनी समजावलं की पोटातलं पाणी काढणारच आहोत, त्यातलं थोडं आणि ऑपरेशनला निघालेला तुकडा थोडा, रिसर्चसाठी. मुलाने मला विचारलं, "दादा, यातून आमच्या आईला काही फायदा?" मी म्हटलं, नाही, आईच्या ट्रीटमेंटमध्ये यातलं काही वापरलं जाणार नाही. तो गप्प. मावशीच म्हणाल्या, "घेऊं दे रे, नायतरी फेकूनच देतात ना ते."

पाणी म्हणजे असायटिक फ्लुइड. कॅनमध्ये बघितलं तर गोमूत्रासारखा रंग, थोडं गढूळ, आणि उजेडासमोर धरलं की बारीक रव्यासारखे कण तरंगताना दिसतात. ते ट्यूमर पेशींचे गोळे, स्फेरॉइड. पोटात असेच तरंगत तरंगत ओमेंटमवर (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) जाऊन रुजतात, रक्तातून जायची फारशी गरजच पडत नाही या कॅन्सरला.

आणि गंमत अशी की व्हीईजीएफचा शोधच अशा पाण्यातून लागला. १९८३ मध्ये सेंगर आणि ड्वोरॅक यांनी गिनीपिगच्या ट्यूमरने पोटात साठवलेल्या पाण्यातून एक प्रोटीन वेगळं केलं, जे रक्तवाहिन्या झिरपायला लावतं, म्हणून नाव ठेवलं व्हॅस्क्युलर पर्मिएबिलिटी फॅक्टर. १९८९ ला फेरारा वगैरेंनी व्हीईजीएफ म्हणून जे क्लोन केलं ते हेच निघालं. मावशींच्या पोटात पाणी का साठतं याचं मोठं उत्तर माझ्या लिस्टमधल्या पहिल्या जीनमध्येच आहे.

८ जुलै, सोमवार

रात्रभर कोसळतोय. सेंट्रल ठप्प, शाळा बंद, आणि नेमके आज सेल्स पास करायचे होते, म्हणजे वाढलेल्या पेशी विभागून नव्या प्लेटमध्ये टाकायच्या होत्या. मी दादरपर्यंत पोचलो, पुढे चालत, हिंदमाताचं तर विचारूच नका. लॅबमध्ये टेक्निशियन काका एकटेच, ते आदल्या रात्रीपासून तिथेच होते, जनरेटर चालू करून इन्क्युबेटरचा सीओटू बघत बसलेले. "सेल्स तुझ्यापेक्षा मजेत आहेत," म्हणाले आणि कोरडा टॉवेल दिला.

आमच्याकडे दोन सेल लाइन (लॅबमध्ये कायम वाढवत ठेवलेल्या ट्यूमरच्या पेशी) आहेत, एसकेओव्ही-३ आणि ओव्हकार-३. एसकेओव्ही-३ म्हणजे ओव्हरीच्या कॅन्सरमधली सगळ्यात लाडकी लाइन, भराभर वाढते, कुणाच्याही हाताखाली मरत नाही. पण २०१३ मध्ये डॉमके वगैरेंनी ४७ लाइन घेऊन खऱ्या ट्यूमरच्या जीनोमशी ताडून बघितल्या तेव्हा जिच्यावर एवढे पेपर निघाले तीच हाय-ग्रेड सीरससारखी फारशी दिसेना. तिच्यात हर-टू अॅम्प्लिफाय झालेला आहे, जे खऱ्या हाय-ग्रेड सीरसमध्ये क्वचित, त्यामुळे माझ्या लिस्टमधला हर-टू हिच्यात बघून "ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये हर-टू वाढतो" असं म्हणणं म्हणजे नुसता फाजीलपणा. ओव्हकार-३ त्यामानाने बरी, टीपी-५३ हा जीन म्युटेटेड (टीसीजीएच्या ट्यूमरमध्ये ९६ टक्क्यांत तसाच होता), सायक्लिन-ई-१ अॅम्प्लिफाय. एसकेओव्ही-३ फक्त मशीन आणि प्राइमर तपासायला ठेवू असं ठरलं.

१८ जुलै, गुरुवार

ओव्हकार-३ चं मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचं द्रव, बनवताना थांबलो. रेसिपीत २० टक्के सीरम आणि वर इन्सुलिन, मिलीला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे मिलीला १० मायक्रोग्रॅम, मोलरमध्ये साधारण १.७ मायक्रोमोलर, रक्तात असतं त्याच्या हजारो पट. एवढं इन्सुलिन असलं की ते आयजीएफ-१ च्या रिसेप्टरलाही जाऊन चिकटतं. आणि मी मोजणार काय, तर आयजीएफ-२, जो त्याच रिसेप्टरमधून काम करतो. शिवाय सीरममध्ये प्लेटलेटमधून सुटलेला पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा असतोच, पीडीजीएफ सापडलाच मुळी असा, की रक्त गोठवून काढलेल्या सीरमने पेशी वाढतात आणि प्लेटलेट काढून टाकलेल्या प्लाझ्माने वाढत नाहीत, मग प्लेटलेटमध्ये आहे तरी काय.

म्हणजे ग्रोथ फॅक्टरच्या सूपमध्ये पोहणाऱ्या पेशींना विचारायचं की बाई तू स्वतः किती ग्रोथ फॅक्टर बनवतेस. म्हणून हार्वेस्टच्या (पेशी काढून घ्यायच्या) आदल्या दिवशी सीरम आणि इन्सुलिन दोन्ही काढायचं, आणि शेजारी फुल मीडियमची प्लेटही ठेवायची, म्हणजे फरक डोळ्यासमोर राहील. सीनियरचं मत, एवढं कोण करतं. करतात की नाही माहीत नाही, पण मेथड्समध्ये नुसतं "स्टँडर्ड कंडिशन" लिहिलेले पेपर वाचताना आता माझा विश्वास निम्मा होतो.

३० जुलै, मंगळवार

आजचा रन सगळ्यात महत्त्वाचा म्हणून सविस्तर लिहितोय.

लॅबमध्ये रेफरन्स जीन, म्हणजे बाकीच्यांची तुलना ज्याच्याशी करायची तो, म्हणून गॅपडीएच वापरायची परंपरा आहे, फ्रीजरमध्ये त्याच्या प्राइमरचा खोकाच आहे. क्यूपीसीआरमध्ये (दर सायकलला कॉप्या दुप्पट करत मोजायची पद्धत) आपण जीनची सीटी व्हॅल्यू बघतो, म्हणजे कितव्या सायकलला सिग्नल उठला, एक सायकल आधी उठला तर दुप्पट माल. पण ट्यूबमध्ये आरएनए कमीजास्त पडलेलं असू शकतं म्हणून रेफरन्स जीनची सीटी वजा करायची (सायकलमधली वजाबाकी म्हणजे मालाच्या हिशोबात भागाकार, भाजक हा रेफरन्स जीन), मग कंट्रोलची वजा करायची, हीच ती २००१ ची लिव्हॅक आणि श्मिटगेनची डेल्टा डेल्टा सीटी. सगळा डोलारा एका गृहीतावर, की रेफरन्स जीन जागचा हलत नाही.

आता व्हीईजीएफ-ए वाढतो कशाने? ऑक्सिजन कमी पडला की. पेशीतलं एचआयएफ-१ हे प्रोटीन एरवी तयार होताच तोडलं जातं, ऑक्सिजन कमी झाला की टिकतं आणि जाऊन व्हीईजीएफ-ए चालू करतं (२०१९ चं नोबेल याच कामाला, केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा). पण एचआयएफ-१ नुसतं तेवढंच करत नाही, ऑक्सिजनशिवाय भागवायचं तर ग्लुकोज जास्त जाळायला लागतं म्हणून ग्लायकोलिसिसची एन्झाइम्सही वाढवतं. आणि गॅपडीएच काय आहे? ग्लायकोलिसिसचंच एन्झाइम! पीजीके-१ पण त्याच रांगेतलं, आणि तोही काही लोक रेफरन्स म्हणून वापरतात.

म्हणून ओव्हकार-३ ला १५० मायक्रोमोलर कोबाल्ट क्लोराइड दिलं २४ तास, त्याने ऑक्सिजन न काढताच एचआयएफ टिकतं, हायपॉक्सिया (ऑक्सिजनची कमतरता) चेंबर आपल्याकडे नाही त्यामुळे गरिबाचा हायपॉक्सिया. प्लेटवर व्हीईजीएफ-ए, गॅपडीएच, आणि रेफरन्सचे दुसरे उमेदवार आरपीएलपी-०, एचपीआरटी-१ आणि टीबीपी. प्रत्येकात आरएनए मोजून सारखंच टाकलं होतं.

व्हीईजीएफ-ए २.६ सायकल आधी उठला. आरपीएलपी-० आणि टीबीपी जागेवर, एचपीआरटी-१ किंचित इकडेतिकडे. गॅपडीएच पूर्ण १ सायकल आधी. हिशोब करा, आरपीएलपी-० ने नॉर्मलाइज केलं तर व्हीईजीएफ-ए सहापट, गॅपडीएचने केलं तर तिप्पट. त्याच पेशी, तीच प्लेट, तोच दिवस. भरती चढत असताना भाऊच्या धक्क्याला होडीत बसून धक्क्याकडे बघितलं तर धक्काच खाली गेल्यासारखा वाटतो, तसलाच प्रकार.

आणि ट्यूमरच्या आत तर हायपॉक्सिया असतोच, ठिकठिकाणी वेगवेगळा. म्हणजे ज्या ट्यूमरमध्ये व्हीईजीएफ-ए सगळ्यात जास्त चढलेला असणार तिथेच गॅपडीएच त्याला सगळ्यात जास्त खाली ओढणार.

गॅपडीएचची अजून एक खोड, त्याचे प्रोसेस्ड स्यूडोजीन, म्हणजे निकामी नकला, जीनोममध्ये ढिगाने पसरलेत, इंट्रॉन (आरएनएतून कापून टाकले जाणारे भाग) नसलेले, त्यामुळे आरएनएमध्ये डीएनए राहिलं असेल तर तेही अॅम्प्लिफाय होतं आणि साइझवरून पत्ता लागत नाही. डीएनए तोडणारी डीनेज ट्रीटमेंट आणि आरएनएवरून डीएनए बनवणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली ट्यूब, दोन्ही मस्ट.

मॅडमना ग्राफ दाखवला, त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, जुना डेटा काढ सगळा. लॅबमधल्या दोन चेहऱ्यांवरचा रंग उतरला. असो. इथून पुढे आरपीएलपी-०, टीबीपी आणि एचपीआरटी-१ तिघांचा जिओमेट्रिक मीन, जीनॉर्म या प्रोग्रॅमची पद्धत आहे तशी.

९ ऑगस्ट, शुक्रवार

टिश्यूचं आरएनए. ऑपरेशन थिएटरमधून सॅम्पल आरएनए टिकवणाऱ्या आरएनएलेटरमध्ये आलं, सोबत पॅथॉलॉजीच्या मॅडमनी एचअँडई स्लाइडवर स्केचपेनने गोल करून दिला, या गोलातलंच घे. ओव्हरीच्या मासमधला तुकडा बरा निघाला. ओमेंटमचा तुकडा मात्र पिवळाधमक, चरबीच चरबी, होमोजनाइज केल्यावर ट्यूबमध्ये वर तेलाचा तवंग. शुद्धता सांगणाऱ्या रेशोंपैकी २६०/२८० छान दोनच्या आसपास पण २६०/२३० पार गळपटलेला, म्हणजे ट्रायझॉलचं गुआनिडिन राहिलंय. पुन्हा इथेनॉल वॉश.

जुने पॅराफिन ब्लॉकही मिळतील असं कळलं, पण फॉर्मलिनने आरएनएचे तुकडे तुकडे झालेले असतात, १०० बेसच्या आतले अॅम्प्लिकॉन डिझाइन करावे लागतील. व्हीईजीएफ-एचं त्यात वेगळंच दुखणं, आठ एक्झॉन (जीनचे आरएनएत टिकणारे तुकडे) आणि त्यातले सहावा-सातवा कापून-जोडून १२१, १६५, १८९ असे वेगवेगळे प्रकार. पहिल्या पाच एक्झॉनमध्ये प्राइमर ठेवला तर सगळे मिळून येतात, पुढे ठेवला तर ठराविकच. आमचा तिसऱ्या-चौथ्या एक्झॉनवर आहे, तो तसाच राहू दे. ब्लॉकचं नंतर बघू.

२२ ऑगस्ट, गुरुवार

असायटिसच्या, म्हणजे पोटातल्या पाण्यातल्या, पेशी एपकॅम (एपिथेलियल पेशींवरचं प्रोटीन) पकडणाऱ्या मॅग्नेटिक बीड्सने वेगळ्या केल्या. मॅग्नेटला चिकटल्या त्या ट्यूमरच्या, उरल्या त्यात मॅक्रोफेज, लिम्फोसाइट, मेसोथेलियम, फायब्रोब्लास्ट अशी सगळी खिचडी. दोन्हींचं आरएनए वेगवेगळं.

मेट चिकटलेल्यांमध्ये, त्याला जाऊन बसणारा एचजीएफ उरलेल्यांमध्ये. अगदी कापून ठेवल्यासारखं. म्हणजे फॅक्टर एक पेशी बनवते आणि घेते दुसरी, आणि मी दोघींना एकत्र वाटून एकच आकडा काढला असता तर "ट्यूमरमध्ये एचजीएफही आहे आणि मेटही आहे" एवढंच हाती लागलं असतं. पीडीजीएफआर-अल्फाही उरलेल्यांकडे. जूनमध्ये जेपियाने जे दाखवलं होतं त्याचीच ही दुसरी बाजू. व्हीईजीएफ-ए दोन्हीकडे आला, चिकटलेल्यांत जास्त.

टीसीजीएच्या चार सबटाइपमध्ये मेसेंकायमल म्हणून जो आहे त्यातही तुकड्यात स्ट्रोमा किती आला याचा हात मोठा आहे असं नंतरच्या कामांतून दिसतंय, आणि तो ग्रुप वाईट आउटकमवाला. तुकडा कुठून कापला यावर सबटाइप बदलत असेल तर अवघड आहे.

टीजीएफ-बीटा-१ बद्दल मी आता फारसा उत्साही नाही. एमआरएनए (प्रोटीन बनवायचा निरोप नेणारं आरएनए) दोन्हीकडे भरपूर, पण हे प्रोटीन बाहेर पडतं तेच स्वतःच्या लॅप नावाच्या तुकड्यात गुंडाळलेलं, सुप्त. कुणीतरी ते सोडवेपर्यंत त्याचा काही उपयोग नाही, आणि सोडवलं की नाही हे एमआरएनए सांगत नाही. एचबी-ईजीएफचं तेच, पेशीच्या अंगावर अडकलेलं असतं, अॅडम-१७ सारखी कात्री चालली की सुटतं. या दोघांना लिस्टमध्ये ठेवायचं तर प्रोटीन बघावंच लागेल.

५ सप्टेंबर, गुरुवार

परवा गणपती. लालबाग-परळ पट्ट्यात आत्तापासूनच चालायला जागा नाही, ड्राय आइसवाला म्हणाला पुढचे दहाबारा दिवस डिलिव्हरीचा टाइम विचारू नका. सगळी सॅम्पल मायनस एटीमध्ये नीट लावून लेबलवर टेप मारून ठेवली.

सॅम्पल शीट भरताना एक कॉलम वाढवला, आधी केमो झाली होती का. स्टेज पुढची असली की बऱ्याच जणींना आधी तीन सायकल कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल देऊन मग ऑपरेशन करतात, म्हणजे आपल्या हातात येणारा तुकडा केमोचा मार खाल्लेला असतो, ट्यूमर पेशी कमी, फायब्रोसिस जास्त, मॅक्रोफेजची गर्दी. अशा तुकड्यात पीडीजीएफआर वाढलेला दिसला तर तो कॅन्सरने वाढवला की ट्यूमर विरघळून स्ट्रोमा उरला म्हणून वाढला? केमोआधीचे आणि नंतरचे एका ग्राफमध्ये टाकायचे नाहीत, विषय संपला. त्यामुळे एन, म्हणजे सॅम्पलची संख्या, पार आक्रसला, पण काय करणार.

१९ सप्टेंबर, गुरुवार

विसर्जन आटोपलं, आज मीटिंग. ऑन्कॉलॉजीचे सर आले होते. त्यांचा पहिला प्रश्न, "व्हीईजीएफ-ए मोजून मला काय सांगणार? बेव्हॅसिझुमॅब मी तसंही देतो." बरोबरच आहे, ते औषध व्हीईजीएफलाच अडवतं. २०११ च्या जीओजी-२१८ ट्रायलमध्ये केमोबरोबर आणि नंतरही बेव्हॅसिझुमॅब चालू ठेवलं तर आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ १०.३ वरून १४.१ महिन्यांवर गेला, पण एकूण आयुष्यात सगळ्या गटाचा म्हणून फरक दिसला नाही. कुणाला फायदा होणार हे आधी ओळखायला बीआरसीए किंवा एचआरडीची (पेशीची डीएनए दुरुस्ती बिघडलीय का याची) टेस्ट पार्प इन्हिबिटर या औषधांसाठी असते तशी यासाठी काहीच नाही. इतक्या वर्षांत इतक्या जणांनी व्हीईजीएफ मोजून झालं तरी.

मी म्हटलं, सर, टेस्ट काढायचा आमचा दावाच नाही, पण मोजणाऱ्यांनी भागलं कशाने, तुकड्यात ट्यूमर किती होता, केमो आधी झाली होती का, हे सगळं वेगवेगळं असेल तर ते आकडे एकत्र आणून काही निघणार कसं? ते म्हणाले, "मग तेच लिहा की." मॅडम माझ्याकडे बघून फक्त हसल्या.

तर ठरलं असं. मुख्य टेबल फक्त केमोआधीच्या असायटिसचं, एपकॅम पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह वेगळे, तीन रेफरन्स जीन. त्याच डेटावर शेजारच्या कॉलममध्ये गॅपडीएचने काढलेले आकडे पण द्यायचे, लोकांना दिसू दे. टिश्यूचा डेटा सप्लिमेंटरीत, प्रत्येक सॅम्पलपुढे पॅथॉलॉजीच्या मॅडमचा ट्यूमर टक्का. जेपियाचा प्लॉट नाही. टीजीएफ-बीटा-१ आणि एचबी-ईजीएफ बाजूला, पोटातल्या पाण्यातलं व्हीईजीएफ मात्र एलायझाने (प्रोटीन मोजायच्या टेस्टने) मोजायचं, म्हणजे एमआरएनए आणि प्रोटीन एका पेशंटमध्ये जुळतात का ते तरी कळेल. एलायझाच्या किटची तीन कोटेशन मागवलीत, दोन आली, तिसरं आल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. उद्या पुन्हा फोन करायचा.